पिवळ्या कागदावरची चौथी ओळ

इंग्रजीत ‘न्यूज’ मोजता येत नाही. वर्गात पहिल्या तासाला हे वाक्य मी सांगतो आणि लगेच हेही सांगतो, की ज्या माणसाकडून तुम्ही हे ऐकताय त्याने सव्वीस वर्षं बातम्या मोजण्याचंच काम केलं आहे.

बेळगावात एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मी उपसंपादक होतो. दुपारी चारनंतर निपाणी, संकेश्वर, खानापूरचे वार्ताहर फोनवर येत. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवून घेई. निपाणीचे आप्पा फोन लागला की आधी हिशेब सांगत : “आज तीन न्यूजा हाईत. त्यातली एक लई मोठी, तिला खालनं वर घ्या.” आप्पांची चूक नव्हती. मराठीत बातमी एक असते, दोन असतात, एखाद्या दिवशी एकही नसते. इंग्रजीत तो शब्द अनेकवचनी दिसतो, एकवचनी चालतो आणि मोजू मात्र देत नाही.

निवृत्तीनंतर वडगावात एका विणकराच्या माडीवर इंग्रजीचा वर्ग सुरू केला. खाली चार यंत्रमाग चालतात, म्हणून वर्गात सगळे मोठ्याने बोलतात. वीज गेली की एकदम शांतता होते आणि ओरडून म्हटलेलं चुकीचं वाक्य तसंच हवेत राहतं. येणारे बहुतेक नोकरी करणारे : साखर कारखान्यातला कारकून, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे सुपरवायझर, आणि परदेशी जायचं म्हणून परीक्षेला बसणाऱ्या नर्सेस.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोजता येणारी आणि न येणारी नामं हा भेद मराठीतही आहे. पाणी, दूध, तूप यांचं अनेकवचन आपण करत नाही. अडचण अशी, की दोन्ही भाषांनी कुंपण वेगवेगळ्या जागी घातलं आहे. आपण सल्ले देतो, इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ कितीही दिला तरी एकच राहतो. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. काही शब्द एका अक्षराने कुंपण ओलांडतात. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड. त्याच्या आधी ‘ॲन’ लावलं, किंवा शेवटी ‘स’ लावला, की ती इस्त्री होते.

फाउंड्रीतल्या एका सुपरवायझरने नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, की मी बारा वर्षं ‘आयर्न्स’मध्ये काम केलं आहे. त्याला फरक सांगितला, तर तो उसळला. “सर, बारा वर्षं भट्टीफुडं उभा राहून रस ओतलाय मी. आणि ह्या एका ‘स’नं मला इस्त्रीवाला केला व्हय?” त्याच अर्जात ‘एक्सपीरियन्सेस’ असंही होतं. तोही ‘स’ काढायला सांगितला. इंग्रजीत नोकरीसाठी लागणारा अनुभव मोजत नाहीत. सांगण्यासारखे अनुभव मोजतात. या दिवाळी अंकाला दुसरे हवे आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

शिकवणाऱ्याच्याही चुका होतात. उद्यमबागेतल्या एका कारखानदाराच्या पाटीवर ‘वर्क्स’ होतं. ‘वर्क’ मोजता येत नाही, म्हणून मी ‘स’ पुसायला लावला. कारखाना या अर्थी तो शब्द ‘वर्क्स’ असाच आहे, हे दुसऱ्या दिवशी कोश उघडल्यावर कळलं. पेंटरला परत बोलवावं लागलं. नव्याने काढलेला ‘स’ बाकीच्या अक्षरांपेक्षा जास्त लाल दिसतो. ती चूक रंगाने भरून निघाली. पुढची निघाली नाही.

सुजाता निपाणीची. तिची आई रत्नाक्का तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मुलीने नर्सिंग केलं, बेळगावच्या इस्पितळात चार वर्षं काढली, माझ्या वर्गात आठ महिने आली, परीक्षा दिली आणि इंग्लंडमधल्या एका गावात वृद्धांच्या शुश्रूषागृहात नोकरीला लागली. वर्गात ती कमी बोलायची आणि लिहायची नेमकं. तिच्या वहीवर मी फारशा खुणा केल्याचं आठवत नाही.

गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज सपाट होता. तिने क्रमाने सांगितलं.

आठवड्यापूर्वी, दिवसपाळीत, एका ऐंशीच्या पुढच्या बाईंचा बिछाना नीट करताना सुजाताला उशीजवळ प्लॅस्टिकचा ग्लास सापडला. तिने तो उचलून टेबलावर ठेवला. नोंदवहीत लिहिलं : ‘फाउंड ग्लास ऑन बेड. रिमूव्ह्ड. पेशंट कम्फर्टेबल.’ पुढच्या पाळीतल्या नर्सला त्या बाईंच्या दंडावर खोल चीर दिसली. टाके घालावे लागले. खोलीतल्या एका तसबिरीची काच तडकलेली आढळली आणि तिचा एक कोपरा नव्हता. बाईंच्या मुलीने नोंदवही मागितली आणि वाचली.

ती ओळ इंग्रज वाचक एकाच प्रकारे वाचतो. ‘ए ग्लास’ म्हणजे पेला. नुसतं ‘ग्लास’ म्हणजे काच. बिछान्यावर काच सापडली, नर्सने ती काढून टाकली, कुणाला कळवलं नाही, जखम पाहिली नाही, वर ‘पेशंट आरामात’ असं लिहून मोकळी झाली.

“तू त्यांना सांगितलंस का, तो पेला होता म्हणून?”

“सांगितलं, सर. मॅनेजरनी विचारलं, ग्लास होती की प्लॅस्टिक? मी म्हटलं, प्लॅस्टिक ग्लास. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दोन्ही कसं असेल?”

आपल्याकडे ग्लास स्टीलचा असतो, पितळेचा असतो, प्लॅस्टिकचा असतो. काचेचा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. तिथे त्या भांड्याला ते ‘बीकर’ म्हणतात. मॅनेजरने टिपणात लिहिलं : उत्तरात विसंगती.

सुजाताला कामावरून थांबवलं होतं. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सुनावणी होती. लपवाछपवी ठरली, तर प्रकरण नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे जाणार होतं. नोंदणी गेली, की त्या देशात नर्स म्हणून काम नाही आणि इथे परतल्यावरही तो शेरा पाठीशी.

“आईला सांगू नका,” ती म्हणाली. आणि मग, “सर, मी तुमच्या कागदाप्रमाणेच लिहिलं होतं.”

तो कागद माझ्यासमोर टेबलावरच होता. पिवळा, एका बाजूला छापलेला, माझ्या वर्गातल्या प्रत्येक नर्सला दिलेला. त्यावर रुग्णाची नोंद कशी लिहावी याच्या नऊ ओळी आहेत. चौथी ओळ : ‘ए, ॲन, द गाळा. बातमीचा मथळा आठवा.’

मथळ्यात ही अक्षरं गाळतात, कारण जागा नसते. माझं अर्धं आयुष्य ती गाळण्यात गेलं आणि त्यात मी वाकबगार होतो. नोंदी आटोपशीर व्हाव्यात म्हणून तीच युक्ती मी नर्सेसना दिली. युक्ती देताना अभिमानही वाटला होता. एक गोष्ट विचारात घेतली नाही. मथळ्याखाली बातमी असते, तिथे शंका फिटते. नोंदीखाली काही नसतं.

शुक्रवारी सकाळी अकराला रत्नाक्का माडीचा जिना चढून आल्या. निपाणीहून पहिल्या गाडीने निघाल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“सर, पोरीला काय झालंय?”

“का? काय म्हणाली ती?”

“काय म्हणंना म्हणून तर आलोय. फोनवर हसाय लागलिया. लई हसतिया. तिला हसायची सवय न्हाय. काय झालंय त्ये सांगा, लपवू नगासा.”

मी सांगितलं. कागद सोडून सगळं सांगितलं. बिछान्यावर काच होती आणि तुमच्या मुलीने ती लपवली असं त्यांना वाटतंय, एवढं सोपं करून सांगितलं.

त्यांनी विचारलं, “काच? एक?”

“एक नाही. काच म्हणजे, फुटलेली काच.”

“फुटल्यावर काच कुठली ऱ्हातीया? फुटल्यावर काचा हुत्यात. खिडकीला असती ती काच. भुईवर पडल्यात त्या काचा. आपण कधी म्हणतो का, काच झाडून काढली म्हणून? काचाच म्हणतो की.”

खाली माग चालू होते. मी त्यांना वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग मीच दोनदा म्हणून पाहिलं. इंग्रजीत काच फुटली तरी ‘ग्लास’ मोजता येत नाही. मराठीत फुटल्या क्षणी ती अनेकवचनात जाते. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाने फुटलेली काच पाहिली असेल, तर त्याच्या हातून नुसतं ‘ग्लास’ लिहिलं जाणार नाही. तो ‘ग्लासेस’ लिहील. ते चुकीचं इंग्रजी असेल, पण लिहील तेच.

हा तर्क होता. डेस्कवर तर्कावर बातमी जात नसे. कागद लागे.

दुपारी सुजाताला फोन लावला, रत्नाक्का समोर बसलेल्या. आई बेळगावात आहे हे तिला आधी सांगितलं.

“आई, तू कशाला गेलीस?”

“तू हसत हुतीस म्हणून आलो. आता सर काय विचारत्यात त्याचं उत्तर दे.”

मी विचारलं, “तिथे तू कधी खरोखर फुटलेल्या काचांबद्दल नोंद लिहिली आहेस?”



“लिहिली होती. पण ती नको, सर.”

“का?”

“त्यावर सगळे हसले होते.”

तिने सांगितलं. पँट्रीजवळ पाण्याचा काचेचा जग फुटला होता. तिने लिहिलं, ‘ग्लासेस ऑन फ्लोअर. स्वेप्ट. इन्फॉर्म्ड.’ इंग्रजीत ‘ग्लासेस’ म्हणजे चष्मा. दुसऱ्या कुणीतरी त्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘कोणाचा? जवळचा की लांबचा?’ महिनाभर ते तिला चष्म्यावरून चिडवत होते. चूक काय ते कुणी सांगितलं नाही, आणि ही गोष्ट तिनेही कुणाला सांगितली नाही.

“कोणती तारीख होती?”

“नाही आठवत. थंडी होती. पण इथे जूनपर्यंत थंडी असते.”

रत्नाक्का पुढे वाकल्या. “शिवजयंतीच्या आदल्या दिशी! मी तुला फोन लावला मिरवणुकीचा रथ दावायला, तर तू म्हणलीस, आई, थांब, काचा भरतोय, बोटात घुसंल. मी म्हणलं, चप्पल घाल आधी.”

“व्हय,” सुजाता म्हणाली. त्या फोनमध्ये पहिल्यांदाच ती घरच्या बोलीत आली. “व्हय, आई. त्याच दिशी.”

तारीख मिळाली, मागूनही वही मिळाली नाही. रुग्णांच्या नोंदी बाहेर देता येत नाहीत, असं मॅनेजरचं उत्तर शनिवारी आलं. उत्तर नियमाला धरून होतं. मग दुसऱ्या पत्रात मागणी बदलली : पान आम्हाला देऊ नका, सुनावणीत तुम्हीच उघडा आणि तुम्हीच वाचा. त्या दिवशी जग फुटल्याची नोंद तुमच्या अपघात-वहीत स्वयंपाकघराने वेगळी केली असेल, तीही काढा. दोन आधार असल्याशिवाय छापायचं नाही, ही डेस्कची शिस्त तिथे उपयोगी पडली. या पत्राला सोमवारपर्यंत उत्तर नव्हतं. जुन्या वह्या तळघरात असतात, एवढंच सुजाताला माहीत होतं.

सुनावणीसाठी मी लिहायचं पत्र मात्र माझ्याच हातात होतं. सुनावणीला कागदपत्रं मंगळवारपर्यंत पोचायला हवी होती. रविवारी मसुदा केला. पहिल्या मसुद्यात लिहिलं : ‘सदर वर्गात अशी पद्धत प्रचलित होती, की नोंदी लिहिताना ही अक्षरं गाळली जात.’ वाक्य निर्दोष होतं. अशी वाक्यं मी पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांतून वर्षानुवर्षं काढून टाकली आहेत. ‘लाठीमार करण्यात आला’ असं आलं, की वार्ताहराला फोन करून विचारायचो, कोणी केला?

दुसऱ्या मसुद्यात ते वाक्य असं झालं : ‘ही अक्षरं गाळायला मी तिला शिकवलं. ते शिकवणं चूक होतं.’ पिवळा कागद भाषांतरासह जोडला. काच आणि काचा यांतला फरक एका परिच्छेदात लिहिला. सही केली. खाली ‘माजी उपसंपादक’ लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. चूक कोणत्या सवयीतून आली हे कळायला ते लागणार होतं.

गुरुवारी सुनावणी त्यांच्या सकाळी दहाला होती, आपल्याकडे दुपारी अडीचला. रत्नाक्का पुन्हा आल्या होत्या. मी त्या दिवशीचा वर्ग रद्द केला नाही. अर्ध्या तासात दोन मुलींना एकच प्रश्न दोनदा विचारला, तेव्हा त्यांनीच वह्या मिटल्या. चारला फोन नाही. पाचला नाही. रत्नाक्कांनी डबा उघडला नाही. सव्वापाचला वीज गेली, माग थांबले. फोनची घंटा वाजली असती तर खालच्या बोळापर्यंत ऐकू गेली असती.

तो पावणेसहाला वाजला.

सुजाताने याही वेळी क्रमानेच सांगितलं. पान उघडलं. ओळ मॅनेजरने मोठ्याने वाचली आणि तिच्याखालची पेन्सिलही वाचावी लागली. अपघात-वहीत त्याच दिवशी फुटलेला जग होता. त्या बाईंच्या मुलीने एकच प्रश्न केला : तुमच्या भाषेत याला काय म्हणता? समोर पाण्याचा प्लॅस्टिकचा पेला होता. सुजाताने तो उचलला आणि म्हटलं, “ग्लास.” मुलीने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

लपवाछपवी सिद्ध होत नाही, प्रकरण पुढे पाठवणार नाही, असा निर्णय झाला. सोमवारपासून कामावर. नोंदी लिहिण्याचं प्रशिक्षण सक्तीचं. बाईंच्या दंडाला लागलेली काच गादीखाली, पलंगाच्या फटीत सापडली होती. ती सुजाताला त्या दुपारी दिसायला हवी होती का, यावर त्यांनी काही लिहिलं नाही. सुजाता म्हणाली, “मला वाटतं, दिसायला हवी होती, सर. मी उशी उचलली होती, गादी नाही.”

फोन ठेवल्यावर रत्नाक्कांनी डबा उघडला. भाकरी कडक झाली होती. मी त्यांना पाणी दिलं, स्टीलच्या ग्लासात. त्या अर्ध्यावर थांबल्या.

“सर, तुमी काय लिवलासा त्या चिठ्ठीत? पोरगी म्हणाली, सरांच्या चिठ्ठीनं लई काम केलं.”

मी पत्र वाक्यावाक्याने मराठीत सांगत गेलो. मधल्या वाक्याशी अडलो. ‘ए’ला मराठी शब्द नाही. शेवटी म्हटलं, “ग्लासाच्या आधी एक छोटं अक्षर लागतं. ते लिहू नका, असं मीच शिकवलं होतं.”

“तुमी?”

“हो.”

“त्या एवढ्याशा अक्षरापायी माझी पोर चौदा दिस हसत हुती?”

 रत्नाक्कांनी उरलेलं पाणी संपवलं, उठून मोरीत ग्लास धुतला, पालथा घातला. जिन्याशी जाऊन वळल्या. आवाज चढलेला नव्हता.

“आता नव्या पोरींस्नी लावाय शिकिवणार. बरं. पण सर, आधी शिकून गेलेल्यांचं काय?”

वर्तमानपत्रात याला उत्तर ठरलेलं असतं. चूक ज्या पानावर छापली, त्याच पानावर दुसऱ्या दिवशी चौकटीत दुरुस्ती. वर्गाला दुसरा दिवस नसतो. शिकलेले निघून गेलेले असतात.

हजेरीच्या वह्या काढल्या. पिवळा कागद घेऊन गेलेल्या बेचाळीस जणी. काही मंगळुरात, काही आखातात, काही आयर्लंडात. एकेकीला फोन केला. बहुतेकींना आपण तो नियम पाळतो हेही आठवत नव्हतं, इतका तो हातात बसला होता. एकीने नोंद लगेच वाचून दाखवली, त्यात एक अक्षर कमी होतं. पस्तीस जणींशी बोलणं झालं. सात जणींचे नंबर लागत नाहीत.

दिवाळी अंक घरोघरी जातात आणि परदेशी राहणाऱ्या मुलींना आया त्यातलं वाचून दाखवतात, असं ऐकून आहे. म्हणून त्या सात जणींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी : वडगावच्या माडीवर मिळालेला पिवळा कागद तुमच्याकडे असेल, तर चौथी ओळ खोडावी. ती चूक आहे आणि ती मी केली आहे. मोजता येईल अशा वस्तूच्या आधी ते अक्षर लिहावं, जागा कितीही कमी असली तरी.